ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर, बिल मात्र तुमच्या नावावर

तुमच्या पत्राचा आशय असा: घरी ब्रॉडबँड आहे, मोबाईल नाही आणि घ्यायचाही नाही. जोडणीच्या वेळी फॉर्मवर तेव्हाच्या भाडेकरूचा नंबर लिहिला. तो घर सोडून गेला. चौदा महिन्यांपूर्वी लाइन बंद पडली. लँडलाइनवरून कस्टमर केअरला फोन केला की दर वेळी 'नोंदणीकृत मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा' एवढेच ऐकू येते. वैतागून 'कनेक्शनच बंद करा' म्हणालात, तेही ओटीपीशिवाय नोंदवून घेतले नाही. बिले चालूच राहिली आणि आता वसुली एजन्सीचे पत्र आले. मोबाईल बाळगण्याची सक्ती कंपनी करू शकते का, असे तुम्ही विचारता.

अशी पत्रे हल्ली सारखी येतात आणि बहुतेक ज्येष्ठांची असतात. सक्तीचा प्रश्न रास्त आहे, त्याकडे शेवटी येतो. पण तुमचे प्रकरण त्यावर ठरणार नाही. ते ठरेल एका तारखेवर: कनेक्शन बंद करण्याची तुमची मागणी कंपनीला लेखी कधी मिळाली? आजचे उत्तर आहे, कधीच नाही. चौदा महिन्यांत दोन ओळींचे पत्रही गेले नाही, याचा मला खरोखर राग येतो. कारण हक्क तुमच्या बाजूने असताना पुरावा मात्र तुमच्या हाती नाही.

तुम्ही पाठवलेल्या फॉर्मच्या मागच्या बाजूला, बारीक टाइपात, दोन अटी आहेत. पहिली: नोंदणीकृत मोबाईल क्रमांकावर पाठवलेली सूचना ग्राहकाला मिळाली असे मानले जाईल. म्हणजे भाडेकरूच्या फोनवर गेलेला प्रत्येक इशारा कागदोपत्री तुम्हालाच मिळालेला आहे. सही तुमची आहे, नंबरही तुम्हीच लिहिला. दुसरी अट: सेवा बंद करण्याची विनंती नोंदणीकृत क्रमांकावरून किंवा लेखी स्वरूपात करावी. या 'किंवा'मध्ये तुमची सुटका आहे. फोनवरच्या माणसाने ती वाट तुम्हाला सांगितली नाही, हा त्याचा दोष. पण फॉर्म तुमच्या कपाटातच होता.

म्हणून पत्र आजच लिहा. ग्राहक क्रमांक, पत्ता, लाइन कोणत्या तारखेपासून बंद आहे, फोन कधी केले (तुमच्या डायरीतल्या नोंदी जशाच्या तशा उतरवा), कनेक्शन तात्काळ बंद करावे, भाडेकरूचा नंबर खात्यावरून काढावा, यापुढचा व्यवहार टपालाने आणि लँडलाइनवर करावा, राउटर घेऊन जावा. लाइन बंद असल्याच्या काळातले बिल अमान्य असल्याचे स्पष्ट लिहा. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला आणि अपील प्राधिकाऱ्याला (तक्रारीवरचे अपील ऐकणारा कंपनीचाच अधिकारी) एकेक प्रत स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा. बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून, नोंदणी करून पाठवलेले पत्र नेहमीच्या वेळात पोहोचले, असे साधारण खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २७ नुसार गृहीत धरले जाते. मोबाईल नसलेल्या माणसासाठी हीच खरी पोच.

एक वाक्य मात्र चुकूनही लिहू नका: 'थोडी सवलत द्या, बाकी हप्त्याने भरतो.' कंपनीला थकबाकीसाठी दावा लावायला साधारण ३ वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी तुम्ही सहीनिशी देणे कबूल केले, तर मुदत कायदा, १९६३ च्या कलम १८ प्रमाणे ती मुदत नव्याने सुरू होते. एजन्सीचा माणूस 'निदान पाचशे तरी भरा' म्हणतो, त्यामागेही हाच हिशेब असू शकतो. त्याला सांगा, बिल वादग्रस्त आहे, लेखी कळवले आहे. बिलाची थकबाकी हा दिवाणी वाद आहे. त्यासाठी पोलीस घरी येतील या धमकीला घाबरू नका.

ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. तिच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांप्रमाणे तक्रार नोंदवतानाच कंपनीला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, द्यावा लागतो. पत्रात तो मागा, आणि यापुढे फोनवर बोलताना तो घेतल्याशिवाय रिसीव्हर ठेवू नका. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर अपील प्राधिकाऱ्याकडे जायला ३० दिवस असतात आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. पूर्वी फोनवरून केलेल्या तक्रारींसाठी ही मुदत बहुधा गेलीच आहे. नव्या लेखी तक्रारीपासून ती नव्याने मोजता येईल, असा माझा अंदाज आहे. थेट ट्रायला लिहून उपयोग नाही, एकेका ग्राहकाची तक्रार ती सोडवत नाही.

आता घाईचे कारण. लाइन बंद होती, याचा सर्वांत भक्कम पुरावा कंपनीकडेच आहे: वापराच्या नोंदी. चौदा महिने वापर शून्य, हे त्यातून दिसेल. कंपनीच्या दूरसंचार परवान्याच्या अटींनुसार या नोंदी किमान २ वर्षे जपाव्या लागतात. पुढे त्या राहतीलच असे नाही. ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदतही २ वर्षेच आहे. ती लाइन बंद पडल्यापासून मोजायची की एजन्सीच्या पत्रापासून, यावर वाद घालता येईल. पण त्या वादावर विसंबू नका. नोंदी जपून ठेवा, अशी मागणी याच पत्रात करा. पुढे आयोगाकडून त्या मागवून घेता येतात.

जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा तुम्हाला उघडा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येतच दूरसंचार आहे, आणि दूरसंचाराच्या तक्रारी आयोगापुढे चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि इतक्या रकमेला शुल्क नाही. कायदा म्हणतो ३ महिन्यांत निकाल लावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि वर्षे जातात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असे ताटकळत ठेवणे हा अन्यायच आहे. म्हणून आधी कंपनीच्या प्राधिकाऱ्याकडे अपील करा. आयोगात तक्रार ऑनलाइन दाखल करताना तिथेही मोबाईल नंबर विचारतात. मुलीचा द्या, पण तो तिचा आहे आणि नोटिसा टपालानेच हव्यात, हे अर्जात नमूद करा. भाडेकरूच्या नंबरची चूक पुन्हा नको.

राहिला सक्तीचा प्रश्न. मोबाईल बाळगलाच पाहिजे, असा कायदा नाही. ग्राहकावर अवाजवी अट लादणारा करार याच कायद्याच्या कलम २(४६) खाली अनुचित ठरू शकतो आणि ओटीपीखेरीज तक्रारच न घेणे त्यात बसावे, असे माझे ठाम मत आहे. पण करार अनुचित ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाचा, आणि तुमच्या बिलाच्या रकमेसाठी एकट्याने तिथवर जाणे परवडणारे नाही. जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटी म्हणून हाच मुद्दा मांडा. आणि राउटर न्यायला माणूस आला, तर त्यावरचा क्रमांक लिहिलेली, त्याच्या सहीची पावती घेतल्याखेरीज तो हातात देऊ नका.