एकट्याने मल्टिप्लेअर गेम बनवताय? आधी चॅट काढून टाका

तुम्ही विचारलंय, नागपुरात राहून एकट्याने ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम बनवता येईल का, आणि चॅटमधल्या शिवीगाळीला शब्दांचा फिल्टर पुरेल का.

पहिलं जमतं. मी धरमपेठेत घरी बसूनच गेम बनवतो. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर (इंजिन) फुकट आहे, रॉयल्टीही द्यावी लागत नाही. कॉम्प्युटर गेम विकायचं ऑनलाइन दुकान म्हणजे स्टीम, तिथे एका गेममागे 100 डॉलर भरावे लागतात. कमाई 1000 डॉलरवर गेली की ते परत मिळतात. गावाचा इथे फारसा संबंध येत नाही.

फिल्टर मात्र पुरणार नाही. आपली पोरं मराठी, हिंदी, वऱ्हाडी सगळं कालवून रोमन लिपीत लिहितात. तुम्ही एक स्पेलिंग अडवाल, ते दुसरं काढतील. त्यात ‘काय बे’ पानठेल्यावर लाडानेही म्हणतात आणि भांडण उकरायलाही, मशीन ते ओळखणार कसं? व्हॉइस चॅटचं तर नावच नको. रात्री तक्रारी वाचायला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे तुम्हीच.

खेळाडू कसे वागतात हे बरंचसं गेमच्या रचनेवर ठरतं. 2012 च्या ‘जर्नी’ या गेममध्ये अनोळखी सोबती भेटतो, पण खेळताना त्याचं नाव दिसत नाही, बोलताही येत नाही, फक्त सूर काढता येतो. गेम बनत असतानाच्या आवृत्त्यांत खेळाडू एकमेकांना ढकलायचे, म्हणून धक्का लागणंच बंद केलं. तरी चॅटऐवजी बटणावरची तयार वाक्यं दिली की झालं, असं समजू नका. गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या ‘रॉकेट लीग’मध्ये ‘व्हॉट अ सेव्ह’ (काय गोल अडवला!) हे कौतुकाचं बटण आहे. समोरच्याने गोल खाल्ला की पोरं नेमकं तेच दाबतात. टोमणा मारायला शिवी लागते कुठे!

तुमची खरी अडचण वेगळीच आहे, ती तुम्ही विचारलीच नाही. नवीन गेममध्ये एका वेळी पुरेसे खेळाडूच नसतात. रिकाम्या लॉबीत, म्हणजे जोडीदाराची वाट पाहायच्या स्क्रीनवर, दोन मिनिटं थांबून माणूस गेम काढून टाकतो. म्हणून दोघं एकाच वेळी ऑनलाइन असण्याची गरजच ठेवू नका. समजा, आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीवर गेम केलात: प्रत्येकाने आपला बडग्या (मिरवणुकीतला पुतळा) सजवायचा आणि तो दुसऱ्याच्या मिरवणुकीत निघायचा. बडग्याच्या गळ्यातल्या पाटीवर मोकळं लिहू देण्याचा मोह होईल, कारण खरी गंमत त्या पाट्यांतच असते. पण तिथे तयार चित्रंच द्या, नाहीतर चॅट मागच्या दाराने परत आलं समजा. यात सर्व्हरचा खर्चही कमी, फक्त बडग्यांची माहिती साठवायची.

अँड्रॉइडवर काढणार असाल तर गुगल प्लेच्या नव्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला आधी 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. त्यात निम्मे तरी ओळखीबाहेरचे घ्या. मित्र तोंडावर चांगलंच बोलतात बाप्पा, आणि तिसऱ्या दिवसापासून गेम उघडत नाहीत.