सोलरवाल्यांकडून घ्यायचंच तर युनिटवर घ्या, किलोवॉटवर नको

प्रश्न : घरावर सोलर लावणाऱ्यांनी ग्रिड जोडणीसाठी जादा शुल्क द्यावं का?

संचाच्या क्षमतेवर, किलोवॉटमागे सरसकट? अजिबात नाही. सोसायटीच्या सभेत सोलरचा विषय निघाला की "हे फुकटात ग्रिड वापरणार आणि भुर्दंड आम्हाला" हे वाक्य हमखास येतं. ऐकून कान किटले. बोलणाऱ्याने नेट मीटरिंगचं, म्हणजे ग्रिडला दिलेले युनिट घेतलेल्यांतून वजा करणारं, बिल कधी उलगडून पाहिलेलं नसतं.

समजा, मुलुंडमधल्या एका जुन्या बंगल्यावर 3 किलोवॉटचा संच आहे. चांगल्या उन्हाच्या महिन्यात किलोवॉटमागे रोज चार युनिट, म्हणजे महिन्याला 360. घराचा वापर 300. त्यातले 100 दुपारी जागच्या जागी भागतात, 260 ग्रिडमध्ये जातात, रात्री 200 परत येतात. 60 युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात आणि भरायचा तो फक्त स्थिर आकार. रात्रीच्या 200 युनिटवर वहन आकार (तारांच्या वापराचे पैसे) लागत नाही, कारण तो निव्वळ युनिटवर मोजतात. तार वापरली, पैसे दिले नाहीत. घ्यायचंच तर या युनिटवर घ्या. तक्रार खरी आहे ती एवढीच, आणि सोलरवाले ती सोयीस्करपणे गाळतात.

पण जे 100 युनिट तारेवर गेलेच नाहीत, त्यांचं काय? किलोवॉटवर शुल्क लावलंत तर दुपारी पंप, वॉशिंग मशीन चालवणारा आणि दिवसभर दाराला कुलूप लावणारा, दोघांना सारखाच दंड. शिवाय बाहेर गेलेली वीज शेजारच्या एसीतच खपते. ट्रान्सफॉर्मरवरचा दुपारचा भार कमीच होतो.

"सोलरमुळे व्होल्टेज चढतं" हेही ऐकवतात. एका ट्रान्सफॉर्मरवर बरेच संच आले तर चढतं, खरंय. पण बऱ्याचदा दोष गच्चीपासून मीटरपर्यंतच्या बारीक एसी केबलचा असतो. स्वच्छ उन्हात भर दुपारी दोन्हीकडे व्होल्टेज मोजा. इन्व्हर्टरपाशी (पॅनेलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) मीटरपेक्षा आठ-दहा व्होल्ट जास्त दिसले तर केबल जाड करा. नाहीतर इन्व्हर्टर ऐन उन्हात ट्रिप होत, म्हणजे आपोआप बंद पडत राहील आणि युनिट तुमचेच बुडतील.

नियमांचं म्हणाल, तर 2024 च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार 5 किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी वीजवाहिन्यांचं जाळं मजबूत करायचा खर्च वितरण कंपनीचा. महाराष्ट्राच्या 2019 च्या नियमांत ग्रिड सपोर्ट चार्ज, म्हणजे सोलरवाल्यांवरचा ग्रिडचा आकार आहे, पण 10 किलोवॉटपर्यंत मंजूर भार (कंपनीने जोडणीला मंजूर केलेली कमाल क्षमता) असलेल्यांना त्यातून सूट आहे.

खरा जादा खर्च वेगळाच निघतो. संच मंजूर भारापेक्षा मोठा बसवता येत नाही, म्हणून विक्रेता भार वाढवून घ्यायला लावतो. त्यात सिंगल फेजचं थ्री फेज झालं की स्थिर आकार दर महिन्याला कायमचा वाढतो. तेव्हा गच्ची मोजून नाही, वर्षाचा वापर मोजून संच घ्या. कारण 31 मार्चला उरलेले युनिट कंपनी तुमच्या दरापेक्षा बऱ्याच कमी भावात घेते.