तुझी बोटं कुणाच्या मायक्रोमीटरला सरावतील?

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

पेढे पोचले. जपानची स्कॉलरशिप मिळाली, छान झालं. फोनवर तू विचारलंस, एक माणूस तिकडे शिकून आल्यानं दोन देशांच्या व्यापारात काय फरक पडणार? माझ्या वर्कशॉपमधलंच सांगतो.

१९८८ साली एओटीएसतर्फे मी योकोहामाला गेलो. परदेशी तंत्रज्ञांना शिकवायला जपानी सरकार आणि कंपन्यांनी मिळून १९५९ मध्ये काढलेली ही संस्था. आधी सहा आठवडे भाषा, मग थेट कारखाना. तिथं रोज सकाळी हातात मिटुटोयो या जपानी कंपनीचा मायक्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक मापं घ्यायचं उपकरण. त्याच्या टोकाची रॅचेट, म्हणजे दाब बेताचा ठेवणारी मूठ, टिकटिकली की मगच रीडिंग घ्यायचं. भोसरीत शॉप टाकलं तेव्हा पहिली खरेदी कसली केली असेन? मिटुटोयो. पहिलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, घेतलं तेही जपानी फॅनक कंपनीच्या कंट्रोलचं, कारण बोटांना तीच बटणं ठाऊक. एकही सेल्समन दारात आला नव्हता. माझ्यावर झालेला खर्च मीच फेडला, तोही हौसेनं!

पण व्यवहार एकतर्फी नाही. ट्रेनिंगला माझ्या शेजारी थायलंडचा एक मुलगा बसायचा. बारा वर्षांनी तो तिकडच्या जपानी कारखान्यात पर्चेसला होता, आणि एके दिवशी त्याची एन्क्वायरी आली. ड्रॉइंग थर्ड अँगलचं. आपल्या कॉलेजात फर्स्ट अँगल घोटून घेतात. वरून दिसणारी बाजू आपण समोरच्या चित्राखाली काढतो, जपानी वर काढतात. आधीच्या सप्लायरनं ते आपल्या सवयीनं वाचलं नि भोक भलत्या बाजूला पाडलं. अख्खा लॉट परत. मी योकोहामात तसली शेकडो ड्रॉइंग वाचलेली, त्यामुळे काम माझ्याकडे आलं.

भारत-जपान व्यापार करार २०११ मध्ये लागू झाला, बऱ्याच मालावरची जकात उतरली. तरी आपण जपानकडून घेतो त्या मानानं त्यांना विकतो फारच कमी. जकात उतरली म्हणून अनोळखी माणसाला कोण ऑर्डर देतो?

तेव्हा तिथं मराठी मंडळींच्या गराड्यातच बसू नकोस. गणपतीला जा, खुशाल जा, पण जेवताना व्हिएतनाम-इंडोनेशियाच्या पोरांचं टेबल गाठ. एक वही ठेव: कुठलं मशीन, टूल कुणाचं, खरेदी कोण ठरवतं.

निघण्याआधी शॉपवर ये. ते थायलंडचं ड्रॉइंग जपून ठेवलंय. भोक कुठं पडतं ते तू सांगायचं, मी गप्प बसणार.

तुझा,
काका