स्प्राइट शीटमधली एकच फ्रेम काढायचीय, पण फोनवर नुसता फेटाच दिसतो, असं का?

प्रश्न मला समजला तो असा. अँड्रॉइडवर ढोल पथकाची छोटी गेम करताय, एका पीएनजीत ढोल वाजवणाऱ्याच्या 8 फ्रेम शेजारी शेजारी आहेत, प्रत्येक 64 बाय 64, म्हणजे आख्खी शीट 512 बाय 64. हीच स्प्राइट शीट. त्यातली एकेक फ्रेम ड्रॉबिटमॅपने, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढायच्या अँड्रॉइडच्या फंक्शनने काढताय, एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर) झकास चालतंय आणि 480 डीपीआयच्या, म्हणजे इंचाला 480 ठिपक्यांच्या फोनवर मात्र फेट्याचा तुकडाच मोठ्ठा होऊन येतोय, ढोल गायब.

तुमचं गणित बरोबर आहे हो, चित्रच त्या साइजचं राहिलेलं नाहीये. पीएनजी साध्या ड्रॉएबल फोल्डरमध्ये टाकलीय ना? तिथलं चित्र 160 डीपीआयसाठी बनवलंय असं अँड्रॉइड धरून चालतो आणि लोड करतानाच फोनच्या डेन्सिटीप्रमाणे, म्हणजे त्याच्या डीपीआयप्रमाणे फुगवतो. 480 म्हणजे तिप्पट, त्यामुळे मेमरीत तुमची शीट झाली 1536 बाय 192 आणि एकेक फ्रेम 192 ची. आता तुम्ही 0 ते 64 मागितलं की तो इमानदारीत 0 ते 64 देतो, पण तो निघाला पहिल्या ढोलवाल्याचा वरचा डावा कोपरा, मग 64 ते 128 म्हणजे त्याच माणसाच्या डोक्याचा मधला भाग, मग उजवा, आणि असं करत करत तुमची 8 वी फ्रेम तिसऱ्या ढोलवाल्याच्या फेट्यातच अडकते, चौथ्यापर्यंत गाडी जातच नाही. एम्युलेटर बहुतेक 160 चा असणार, म्हणून तिथे सगळं जागेवर. 420 डीपीआयच्या फोनवर तर हाच आकडा 2.625 पट होतो, तिथे कुठला तुकडा कुठे पडेल ते हिशोब मांडून बसावं लागतं.

खात्री करायची असेल तर लोड झाल्या झाल्या बिटमॅपचं (मेमरीतल्या चित्राचं) गेटविड्थ, म्हणजे रुंदी, लॉगमध्ये छापा. 512 आलं नाही तर पुढचा कोड बघायचीच गरज नाही. उपाय सोपा आहे, फाइल ड्रॉएबल-नोडीपीआय फोल्डरमध्ये हलवा, किंवा चित्र लोड करणाऱ्या बिटमॅपफॅक्टरीच्या ऑप्शन्समध्ये इनस्केल्ड फॉल्स करा. मी तरी फोल्डरच बदलतो, कारण ऑप्शन दुसऱ्या कुणीतरी दुसरीकडे लोड करताना विसरतोच.

आता काढण्याचा भाग. ड्रॉबिटमॅपला दोन चौकटी द्यायच्या, पहिली सोर्स म्हणजे बिटमॅपमधला कुठला तुकडा, दुसरी डेस्टिनेशन म्हणजे स्क्रीनवर कुठे आणि केवढा, आणि सोर्सच्या जागी नल दिलं तर पूर्ण चित्र येतं. वेबवरून आलेली मंडळी इथे हमखास आपटतात, कारण एचटीएमएल कॅनव्हासच्या ड्रॉइमेजला डावी बाजू, वरची बाजू, रुंदी, उंची असं द्यायचं असतं आणि अँड्रॉइडच्या रेक्टला, म्हणजे या चौकटीला, डावी, वरची, उजवी, खालची बाजू लागते. म्हणजे शून्यापासून मोजून 2 नंबरची फ्रेम हवी तर 128, 0, 192, 64. वेबच्या सवयीने 128, 0, 64, 64 दिलंत तर उजवी बाजू डावीच्याही डावीकडे जाते. उजवी आणि खालची कड त्या तुकड्यात धरत नाहीत, तेव्हा 191 वगैरे लिहू नका. फोनची डेन्सिटी विचारात घ्यायची ती डेस्टिनेशनमध्ये, सोर्समध्ये तिचं काही काम नाही.

पिक्सेल आर्ट असेल तर मोठं करताना कडा धुरकट होतात, त्यासाठी पेंटवर (चित्र कसं काढायचं ते सांगणाऱ्या ऑब्जेक्टवर) सेटफिल्टरबिटमॅप फॉल्स करा. अँड्रॉइड 8.0 आणि त्याआधीच्या फोनवर हार्डवेअर अॅक्सेलरेशन (ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेणं) चालू असेल तर ते हे ऐकत नाहीत, सोडून द्या.

काही जण सांगतील की क्रिएटबिटमॅपने तुकडा कापून घ्या आणि तो काढा. एकदाच कापून ठेवणार असाल तर ठीक, पण ऑनड्रॉमध्ये, म्हणजे स्क्रीन दर वेळी नव्याने काढणाऱ्या कोडमध्ये, दर फ्रेमला नवा बिटमॅप करत बसलात तर सेकंदाला साठ वेळा कचरा तयार होतो आणि गेम अडखळायला लागते. दोन्ही रेक्टसुद्धा बाहेर एकदाच बनवा आणि आत फक्त सेट करा.

हे सगळं छोट्या शीटपुरतं. मी पेठांचा एक स्कॅन केलेला नकाशा ॲपमध्ये दाखवतो, तो 8000 बाय 6000 आहे. दर पिक्सेलला 4 बाइट धरले तर 19 कोटी 20 लाख बाइट, आणि नवीन अँड्रॉइडवर एवढा मोठा बिटमॅप काढायला गेलं की बिटमॅप फार मोठा आहे म्हणून ॲप सरळ क्रॅश होतं, सोर्स रेक्ट कितीही छोटा दिला तरी. तिथे बिटमॅपरीजनडीकोडर वापरायचा, तो फाइलमधला हवा तेवढाच भाग डीकोड करतो, शनिवारवाडा ते लकडी पूल एवढंच स्क्रीनवर असेल तर तेवढंच. झूम आउट केल्यावर इनसॅम्पलसाइज (चित्र किती पट लहान करून डीकोड करायचं तो आकडा) 2, 4 असं वाढवत न्यायचं. फक्त डीकोड मेन थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन आणि बोटाचा स्पर्श सांभाळणाऱ्या थ्रेडवर करू नका, बोट फिरवताना लगेच जाणवतं.

आणि पथकाच्या गेममध्ये ताशा नाहीये असं तुमच्या वर्णनावरून वाटतंय, तो टाका आधी, नाहीतर पुण्यात कुणी डाउनलोड करणार नाही. त्याची शीट वेगळी न करता याच पीएनजीत खाली दुसरी रांग करा, मग सोर्सची वरची कड 64 आणि खालची 128, बाकी कोड तोच.