पर्शियन मांजरीची आंघोळ

प्रश्न : आमच्या दोन वर्षांच्या पर्शियन मांजरीच्या अंगाला पावसाळ्यात वास येतो, काखेत केसांच्या गुठळ्या झाल्यात. कुत्र्याच्या शाम्पूने दर आठवड्याला आंघोळ घातली तर चालेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : तो शाम्पू आधी बाजूला ठेवा. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवरच्या काही शाम्पूंत आणि औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही. अंगाला कंप सुटतो, झटके येतात, जीवही जातो. फरशी पुसायचं फिनेलही तिच्यापासून लांबच ठेवा.

तुमच्या मांजरीला पाण्यापेक्षा कंगव्याची गरज जास्त आहे, तीही रोज. स्टीलचा कंगवा घ्या. गुठळी मुळाशी दोन बोटांत धरा, म्हणजे कातडी ओढली जाणार नाही, आणि टोकाकडून थोडी थोडी सोडवत या. कात्री मात्र कृपा करून लावू नका! मांजराची पातळ कातडी गुठळीबरोबर वर उचलली जाते आणि कापली जाते. अशा जखमांना मी टाके घातले आहेत. घट्ट गुठळ्या डॉक्टरांकडून मशीनने काढून घ्या, त्याही आंघोळीआधी. भिजल्या की त्या आणखी आवळतात.

आंघोळ महिन्या-दीड महिन्याने पुरे, मांजरांच्याच शाम्पूने. टबात जुना टॉवेल अंथरा. पाय घसरत नाहीत म्हटल्यावर ती बरीच शांत राहते. कोमट पाणी मानेपासून मागे ओता, तोंड ओल्या फडक्याने पुसा. फेस पूर्ण काढा, कारण ती अंग चाटणारच. तुमच्याकडच्या दमट हवेत केस मुळापर्यंत सुकवायलाच हवेत. एवढं करूनही वास राहिला, तर तिचे दात आणि कान तपासून घ्या.