एलईडी वॉल कर्जाने घ्यावी का? राजारामपुरीच्या व्हीजेला उत्तर

कोल्हापुरातील राजारामपुरीत राहणाऱ्या २९ वर्षांच्या एका वाचक कलावतीने सविस्तर पत्र लिहून सल्ला विचारला आहे. एका जाहिरात कार्यालयात दरमहा ३१,००० रुपये पगारावर त्या ग्राफिक डिझायनर म्हणून काम करतात. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री ऑर्केस्ट्रा, महाविद्यालयीन संमेलने, मंडळांचे कार्यक्रम आणि पुण्या-गोव्याकडील डीजे यांच्यासोबत मंचावर व्हीजे म्हणून थेट व्हिज्युअल्स चालवतात, म्हणजे संगीत सुरू असतानाच पडद्यावरची चित्रे त्या त्या क्षणी निवडतात, मिसळतात आणि तालावर बदलतात. आता नोकरी सोडून ११ लाख रुपयांची स्वतःची एलईडी वॉल, म्हणजे चौकटी जोडून उभारायचा मोठा प्रकाशमान पडदा, घ्यावी, त्यासाठी ९ लाखांचे कर्ज काढावे आणि बँकेने मागितल्यास वडिलांची ६ लाखांची मुदत ठेव तारण द्यावी, असा त्यांचा विचार आहे.

सर्वप्रथम निर्णय सांगतो आणि मग कारणे देतो. कला हा आपला पूर्णवेळ व्यवसाय व्हावा, असे मला मनापासून वाटते. परंतु ही वॉल आत्ता घेऊ नये, वडिलांची ठेव तारण देऊ नये आणि नोकरी एका झटक्यात सोडू नये.

आपल्या मनातील हिशेब समजण्यासारखा आहे. एका रात्रीच्या कार्यक्रमात आपली बिदागी सरासरी ७,५०० रुपये आणि त्याच रात्री वॉलवाल्याचे भाडे १४,००० रुपये. चित्रे आपली, लोक पाहतात ती चित्रे, आणि पैसा मात्र पडद्याला. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटासाठी कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावातील कलाकाराला आपले यंत्र आपल्या मालकीचे असावे असे वाटणे स्वाभाविकही आहे. तथापि १४,००० हे वॉलवाल्याचे उत्पन्न नसून त्याची जमा आहे, आणि त्यातून काय काय वजा होते हे आपल्या पत्रात कोठेही आलेले नाही.

आपण कोटेशन जोडलेली वॉल ५०० मिलिमीटरच्या ४० चौकोनी कॅबिनेटची (पडद्याच्या सुट्या चौकटींची), म्हणजे ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच आहे. ती नेण्यासाठी टेम्पो लागतो, उभारण्यासाठी ट्रस (धातूचा सांगाडा) आणि किमान दोन जाणते मदतनीस लागतात, आणि प्रत्येक वाहतुकीत चौकटीतल्या एखाद्या मॉड्यूलचे पिक्सेल (प्रकाशबिंदू) जाणार हे गृहीत धरावे लागते. टेम्पोचे २,५००, दोघा मदतनिसांचे २,४०० आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे १,१०० धरले, तर १४,००० मधून ८,००० रुपये उरतात. आता दुसरी बाजू पाहू. ९ लाखांचे कर्ज १३ टक्के दराने ४ वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे २४,१५० रुपये, म्हणजे वर्षाला २,८९,८०० रुपये होतो. गुदामाचे भाडे वर्षाला ३६,००० आणि विम्याचे अंदाजे १५,००० मिळवले की ही रक्कम ३,४०,८०० वर जाते. रात्रीला ८,००० या दराने वर्षाकाठी ४३ रात्री वॉल भाड्याने गेली, तरच ती तोट्यात जाणार नाही.

गेल्या वर्षी आपले एकूण कार्यक्रम ३८ झाले. त्यांपैकी १५ ठिकाणी आयोजकाची किंवा क्लबची वॉल आधीच लावलेली होती, असे आपणच लिहिले आहे. उरलेल्या २३ रात्री आपली वॉल लागली असती असे मानले, तरी १,८४,००० रुपये मिळतात आणि १,५६,८०० कमी पडतात. कार्यक्रमांतून खर्च वजा जाता आपले उत्पन्न २,१५,००० होते. त्यातून ही तूट भरल्यावर वर्षाला ५८,२००, म्हणजे महिन्याला ४,८५० रुपये शिल्लक राहतात. आपला घरखर्च महिना २४,००० आहे आणि तोपर्यंत पगार थांबलेला असेल.

राहिलेल्या २० रात्री वॉल इतरांना भाड्याने देता येईल, हे आपले म्हणणे खोटे नाही. मात्र आपल्या ३८ रात्रींपैकी १७ गणेशोत्सव आणि नवरात्रातल्या आहेत, आणि मागणी सर्वांत जास्त असते त्या रात्री एक वॉल एकाच ठिकाणी उभी राहू शकते. शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आहे आणि मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून फार तर १५ दिवस देता येते. त्यामुळे हंगाम लांबवणे ना आपल्या हाती आहे, ना मंडळाच्या. जून ते ऑगस्टचा पावसाळा तर आपल्या वहीत जवळजवळ कोराच दिसतो, आणि हप्ता मात्र त्या महिन्यांतही चुकत नाही.

पत्रातील एका वाक्यापाशी मी सर्वांत जास्त थांबलो. आपल्याला येणाऱ्या बहुतेक सुपाऱ्या कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजीतील चार वॉलवाल्यांकडूनच येतात, असे आपण ओघात लिहून गेला आहात. आपण स्वतःची वॉल घेताच या चौघांच्या दृष्टीने आपण कलाकार राहणार नाही, प्रतिस्पर्धी व्हाल. पडदा भाड्याने देणे हा गुदाम, वाहतूक, माणसे आणि वसुली यांचा स्वतंत्र धंदा आहे. तो सन्मानाचा आहे, पण तो करणारा माणूस कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून ट्रसपाशी उभा असतो आणि त्या दिवशी नवे लूप, म्हणजे पडद्यावर फिरत राहणाऱ्या छोट्या चित्रफिती, तयार होत नाहीत. आपल्याला लोक बोलावतात ते आपण गाण्याची जागा ओळखून चित्र बदलता म्हणून. पैसा गुंतवायचाच असेल, तर तो या कौशल्याच्या बाजूने गुंतवावा.

गुदामाविषयी थोडक्यात सांगतो. शाहूपुरीत व्हीनस कॉर्नरजवळ पाहिलेली जागा स्वस्त आहे, परंतु २०१९ आणि २०२१ च्या महापुरात त्या परिसरात पाणी शिरले होते. पुढेमागे कोणतेही साहित्य घेतले, तरी ते तेथे ठेवू नये आणि विमापत्रात पुराचा समावेश आहे याची खात्री करून घ्यावी.

नवा लॅपटॉप, सॉफ्टवेअरचा परवाना आणि कंट्रोलर मिळून आपण २,८०,००० रुपयांचा अंदाज दिला आहे आणि हा खर्च ‘नंतर बघू’ म्हणून मागे ठेवला आहे. माझ्या मते क्रम उलटा हवा. टचडिझायनर या व्हिज्युअल्सच्या सॉफ्टवेअरची बिगर-व्यावसायिक आवृत्ती आपण आज वापरता. तिच्यावर १२८० बाय १२८० पिक्सेलची मर्यादा आहे आणि मानधन घेऊन केलेल्या कामासाठी ती वापरण्याची परवानगीच नाही, म्हणून परवाना ही पहिली गरज आहे. यातील ८०,००० येत्या हंगामाच्या बिदागीतून उभे करावेत आणि २ लाखांसाठी छोट्या व्यवसायांना कर्ज देणाऱ्या मुद्रा योजनेच्या किशोर गटात अर्ज करावा. या गटात ५०,००० ते ५ लाखांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळते. १२ टक्के दराने ३ वर्षांसाठी हप्ता सुमारे ६,६४५ रुपये बसेल, जो पगार चालू असताना सहज झेपेल. प्राप्तिकरात संगणकावर ४० टक्के घसारा (झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळतो, तर वॉलसारख्या यंत्रसामग्रीवर साधारणतः १५ टक्केच, हाही फरक लक्षात घ्यावा.

अर्ज करण्यापूर्वी एक गोष्ट मात्र नीट करावी लागेल. आपण दरवर्षी पगाराचेच विवरणपत्र भरता आणि पुण्याच्या आयोजकांनी कापलेला टीडीएस तसाच पडून आहे. कार्यक्रमांचे उत्पन्न व्यवसायाचे उत्पन्न म्हणून योग्य फॉर्ममध्ये दाखवावे. पगार आणि कार्यक्रम मिळून आपले उत्पन्न सहा लाखांच्या आत असल्याने नव्या करप्रणालीत आपल्याला कर लागणार नाही आणि कापलेली रक्कम परत मिळू शकेल. बँकेलाही याच विवरणपत्रांवरून आपली परतफेडीची ताकद दिसते. त्यासाठी एखाद्या सनदी लेखापालाकडे एकदा बसून यावे. जीएसटीची चिंता करू नये. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे.

नोकरीविषयी. येत्या डिसेंबरात आपल्याला या कार्यालयात पाच वर्षे पूर्ण होतील आणि दहापेक्षा जास्त कर्मचारी असल्याने ग्रॅच्युइटीचा हक्क तेव्हा निर्माण होईल. १८,००० मूळ वेतनावर ती सुमारे ५१,९०० रुपये होते. आज राजीनामा दिल्यास ती जाईल, आणि पाच वर्षे पूर्ण होण्याआधी काढलेल्या भविष्य निर्वाह निधीवर करही लागू शकतो. नोकरीबरोबर कार्यालयाचा आरोग्य विमाही संपेल, म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी, म्हणजे ज्यात बहुतेक आजारांचे दावे मिळत नाहीत तो सुरुवातीचा प्रतीक्षा कालावधी पगारात निघून जातो.

घरखर्च, लॅपटॉपचा हप्ता आणि विमा यांसाठी आपल्याला महिना सुमारे ३३,००० रुपये लागतील, म्हणजे वर्षाला जवळपास ४ लाख. कार्यक्रमांतून आज २,१५,००० मिळतात. डिसेंबरनंतर मालकांशी बोलून अर्धवेळ काम १६,००० रुपयांवर ठरवता आले, तर वर्षाचे १,९२,००० मिळून ही पोकळी भरते आणि दिवसाचा अर्धा भाग चित्रांसाठी मोकळा होतो. मी हा मार्ग आग्रहाने सुचवतो. आपल्या बचतीचे २,२०,००० म्हणजे नऊ महिन्यांचा घरखर्च आहे. अनियमित उत्पन्नाच्या माणसाला एवढा आधार लागतोच, म्हणून त्याला हात लावू नये.

बिदागीही नव्या पद्धतीने मांडावी. आज आपण एका रात्रीचा एकच आकडा सांगता आणि त्यात आठवडाभर बसून केलेली चित्रे फुकट जातात. यापुढे निर्मिती, सादरीकरण आणि प्रवास यांचे वेगवेगळे दर लेखी द्यावेत व निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. मंडळाची वर्गणी जमेपर्यंत थांबण्याची पाळी मग येत नाही. करारात आणखी एक ओळ असावी. मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला स्वामित्वहक्क, वेगळे ठरले नसल्यास, कायद्याने करवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून ‘चित्रांचा हक्क कलाकाराकडे राहील आणि आयोजकाला केवळ या कार्यक्रमापुरती वापराची परवानगी असेल’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, म्हणजे एकदा केलेला संग्रह आपल्याला पुढेही वापरता येईल आणि भाड्यानेही देता येईल.

वॉलचा विचार कायमचा सोडा, असे मी म्हणत नाही. सलग दोन वर्षे, पावसाळ्यासह, आयोजकांकडे वॉल नसलेल्या किमान ५० रात्री आपल्या वहीत दिसल्या आणि निम्मी किंमत स्वतःच्या पैशातून देता आली, तर हाच हिशेब पुन्हा मांडता येईल. त्या चार वॉलवाल्यांपैकी ज्यांच्याशी सर्वांत चांगले जमते, त्यांच्याशी भागीदारीत काही कॅबिनेट घेण्याविषयी तेव्हा बोलून पाहावे. वडिलांच्या ठेवीचा प्रश्न त्या वेळीही येऊ नये. ती त्यांच्या उपचारांसाठीची एकमेव रक्कम आहे असे आपणच लिहिले आहे, आणि बँकेने तारण मागितलेच, तर मुद्रा कर्जाला तारण लागत नाही हे शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्जात नमूद करून दुसऱ्या बँकेकडेही अर्ज द्यावा.