रिपोर्ट आला तेव्हा ताप उतरला होता

प्रश्न : डॉक्टर, गणपतीच्या आधी माझ्या १९ वर्षांच्या मुलाला सोमवारी रात्री ताप भरला. बुधवारी सकाळी डेंग्यूसाठी रक्त दिलं. 'आयजीएम निगेटिव्ह' असा रिपोर्ट मिळाला, तो थेट शनिवारी. तोवर ताप उतरला होता, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. रविवारी पोरगा गळून गेला, अंगावर पुरळ, प्लेटलेट ६२ हजार. हॉस्पिटलात तीच तपासणी पुन्हा केली तर पॉझिटिव्ह! पहिली लॅब चुकली का? आणि एका रिपोर्टला तीन दिवस कशाला लागतात? (एक आई, कोपरखैरणे)

उत्तर : ताई, नौपाड्यात ३० वर्षं लॅब चालवतेय, त्यामुळे मी लॅबवाल्यांची बाजू घेतेय असं वाटेल. पण रिपोर्ट बहुधा बरोबरच होता. चुकला तो वार.

डेंग्यूच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात विषाणूचंच एक प्रथिन सापडतं, 'एनएस१'. आयजीएम म्हणजे आपल्या शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. ती दिसायला साधारण पाचवा दिवस उजाडतो. तुमच्या मुलाचा बुधवारी दुसरा दिवस होता. पाहुणे गावाहून निघालेही नाहीत आणि आपण दारातल्या चपला मोजतोय, तसं झालं. त्या दिवशी एनएस१ करायला हवी होती. तीही निगेटिव्ह आली असती तर पाचव्या दिवसानंतर आयजीएम. (पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला असेल तर एनएस१ हुकण्याची शक्यता वाढते, हे बरेचदा सांगायचं राहून जातं.)

चिठ्ठीवर नुसतं 'डेंग्यू' लिहिलेलं असतं, काउंटरवरचा मुलगा हाताला येईल त्या चौकोनात खूण करतो. म्हणून आमच्याकडे नाव-वयानंतर पहिला प्रश्न असतो, 'आज तापाचा कितवा दिवस?' लोक म्हणतात, 'झाले तीन-चार.' तीन की चार? मग आमची काउंटरवरची मुलगी उलटतपासणी घेते, रविवारी मटण गोड लागलं होतं का, सोमवारी लोकलमध्ये थंडी वाजली का. चिडतात लोक. पण त्यातून दिवस सापडतो.

आता ते तीन दिवस. आयजीएम बघतात ती 'एलायझा' नावाच्या तपासणीने. तिच्या प्लेटमध्ये ९६ खाचा असतात. दोन-चार नमुन्यांसाठी अख्खी प्लेट लावणं परवडत नाही, म्हणून छोट्या लॅब नमुने साठवतात किंवा मोठ्या लॅबला पाठवतात. घणसोलीच्या एखाद्या कलेक्शन सेंटरवरून संध्याकाळी नमुन्यांचा डबा निघतो, आणि मोठ्या लॅबमध्ये आधीच शेकडो नळ्या रांगेत. प्रत्यक्ष तपासणी काही तासांचीच, बाकी सगळं वाट बघणं. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळीही हेच पाहिलं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी सोमवारी घशाचा नमुना दिला, रिपोर्ट शुक्रवारी पॉझिटिव्ह. मधल्या दिवसांत ते दोनदा भाजीला जाऊन आले होते. त्यांना कोंडून ठेवायची खरी गरज होती ती त्या चार दिवसांत. डेंग्यूची कार्डावरची झटपट तपासणी अर्ध्या तासात होते, पण सरकारी नोंदीत तिला 'संशयित'च धरतात, पक्कं करायला एलायझाच लागते.

खरी काळजी मला 'निर्धास्त झालो' या शब्दाची वाटली. डेंग्यूत ताप उतरतो तोच धोक्याचा काळ, साधारण तिसरा ते सातवा दिवस. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर डेंग्यूच्या रिपोर्टची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. त्या दिवसांत रोजचा साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पुष्कळ सांगतो, आणि तो त्याच दिवशी मिळतो. मी प्लेटलेटच्या आधी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा, बघते. तो चढत असेल तर रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतंय. तापाला पॅरासिटामॉलच द्या, अॅस्पिरिन-आयबुप्रोफेन नको.

आणि उशिरा आलेला पॉझिटिव्ह रिपोर्टही रद्दीत टाकू नका. आजारी माणसाला चावलेली डासाची मादी लगेच दुसऱ्याला डेंग्यू देत नाही. विषाणू तिच्या पोटातून लाळेत उतरायला साधारण ८ ते १२ दिवस जातात. तेवढ्यात ग्रिलमधल्या कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं पिंप उपसून कोरडं केलं तर निदान नवी पैदास थांबते, आणि पालिकेला कळवलं तर धुराची गाडी वेळेत येते. हे उत्तर छापून येईतो तुमची ती मुदत टळली असणार. मासिकाचा रिपोर्टही उशिराच मिळतो!

प्रश्न : वंदना सिनेमाजवळ गुडघाभर पाण्यातून चालत आलो, पायाला जखम आहे. आजच लेप्टोची तपासणी करून घेऊ का? (एक वाचक, चरई)

उत्तर : नको, पैसे वाया जातील. लेप्टो म्हणजे उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरणाऱ्या जंतूंचा आजार. त्याची प्रतिपिंडं ताप आल्यानंतर पाच-सात दिवसांनी दिसतात, आणि तुम्हाला अजून तापच नाही. आज पाय साबणाने धुवा आणि पालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिनबद्दल विचारा. त्याला उशीर नको. पुढच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं ते या पाण्याचं. २००५ च्या २६ जुलैनंतर लेप्टोची जी साथ आली तेव्हापासून इथले डॉक्टर एवढं ऐकल्यावर औषध लगेच सुरू करतात, रिपोर्ट मागाहून येतो.